पोट मऊ पडतंय का?

बाळ झालं, वार पडली, सुटका झाली. आमच्या घरातल्या बायका बाळंतपणाची हकिकत याच क्रमाने सांगतात. त्यामुळे वार म्हणजे बाळाच्या मागून येणारी गोष्ट, एवढंच मला माहीत होतं. बाळ पोटात असतानाच ती गर्भपिशवीच्या भिंतीपासून सुटू शकते हे मला कळलं ११ जुलै २०२३ च्या पहाटे, मुलुंडच्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. तेव्हा मला ३२ आठवडे आणि ४ दिवस झाले होते.

लेक आता सव्वा वर्षाची आहे. लिहायला एवढा वेळ लागला, कारण आधी मलाच ते नीट समजून घ्यायचं होतं. माझ्या डिस्चार्जच्या कागदावर 'अ‍ॅब्रप्शिओ प्लॅसेंटी', म्हणजे बाळाआधीच वार सुटणं, असं लिहिलं होतं आणि त्या दोन शब्दांकडे बघून कित्येक आठवडे मला फक्त रडू यायचं. सातव्या-आठव्या महिन्यात असलेल्या कुणाला किंवा तिच्या घरच्यांना यातलं काही उपयोगी पडलं तर बरं होईल.

आम्ही भांडुपला राहतो. घराजवळच्याच एका छोट्या प्रसूतिगृहात नाव घातलं होतं. २३ जूनला, ३० आठवडे झाले त्या दिवशी, तपासणीत बीपी १४०/९० निघालं. पायाला सूज होती, पण ती मी रोजच्या लोकल प्रवासावर ढकलली होती. डॉक्टरांनी लॅबेटालॉलच्या गोळ्या दिल्या, ऑफिसला घरून काम करायचं पत्र दिलं आणि रोज दोनदा बीपी मोजून वहीत लिहायला सांगितलं. मशीन १,८०० रुपयांना मिळालं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, बरगड्यांखाली दुखलं तर लगेच यायचं, हेही सांगितलं. ते सगळं मी पाठ केलं होतं. त्या रात्री मात्र यातलं काहीच झालं नाही.

१० जुलै, सोमवार. रात्री सव्वाअकराच्या सुमाराला कंबर दुखायला लागली. मग पोट कडक झालं. अधूनमधून पोट कडक होणं मला नवीन नव्हतं, सातव्या महिन्यापासून ते होतच होतं. सासूबाईंनी ओवा दिला, पाठीला शेक दिला. मी डाव्या कुशीवर पडून राहिले. झोप लागेना आणि दुखणं थांबेना. एक वाजून चाळीस मिनिटांनी बाथरूमला गेले तेव्हा गडद, काळपट लाल डाग दिसला. दोन रुपयांच्या नाण्याएवढा असेल, जास्त नाही. 'एवढंसंच तर आहे' असं मी नवऱ्याला म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की पोटात गोळा येतो.

प्रसूतिगृहात फोन केला. ज्यांनी उचलला ते म्हणाले, थोडंसंच असेल तर झोपून राहा, सकाळी ओपीडीत या, सोनोग्राफी करू. मी सुटकेचा श्वास टाकला. नवऱ्याचं समाधान झालं नाही. त्याने माझ्या मावशीला उठवलं. मावशी महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स होती, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तिने किती रक्त गेलं हे आधी विचारलंच नाही.

"पोटावर हात ठेव," ती म्हणाली. "कळ येते तेव्हा पोट कडक होतं, कळ गेली की मऊ पडतं. तुझं मऊ पडतंय का?"

मी हात ठेवला. पाटा-वरवंट्यातल्या पाट्यासारखं लागत होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली, तसंच.

"नाही पडत."

"बाळ हललंय का तासाभरात?"

मला आठवेना. जेवल्यावर हललं होतं एवढं नक्की, त्यानंतरचं सांगता येईना.

"सकाळची वाट बघू नका. आत्ता निघा. आणि तुझ्या त्या प्रसूतिगृहात जाऊ नकोस. जिथे रक्तपेढी आणि बाळाची काचेची पेटी दोन्ही आहे, तिथे थेट जा. जाताना त्यांना फोन करून सांगा, आठवा महिना, अंगावरून जातंय, पोट दगड झालंय. एवढे तीन शब्द पुरेत."

हा सल्ला मी जिला भेटेल तिला सांगते. नाव कुठेही घातलेलं असू दे, रात्री-अपरात्री अडचण आली तर कुठे जायचं ते आधी ठरवून ठेवा. तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, म्हणजे एनआयसीयू, आहे का, रक्त मिळतं का, हे दिवसाढवळ्या एकदा जाऊन विचारून या. आमचं प्रसूतिगृह चांगलं होतं, स्वच्छ होतं, पण तिथे दोन्ही नव्हतं आणि हा प्रश्न मी सात महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

१०८ ला फोन लावतच होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी गाडी काढली. मागच्या सीटवर डाव्या कुशीवर झोपले, डोकं सासूबाईंच्या मांडीवर. बाहेर पाऊस कोसळत होता. एलबीएस रोडवर एरवी मुलुंड गाठायला पाऊण तास जातो, त्या रात्री पंधरा-वीस मिनिटांत पोहोचलो. दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. पहिलं दुखणं सुरू होऊन साडेतीन तास उलटले होते.

कॅज्युअल्टीत त्यांनी व्हीलचेअर तयार ठेवली होती, फोन केल्याचा उपयोग झाला. बीपी १६०/११०. दोन्ही हातांना सुया लावल्या. एका सिस्टरने पोटाला पट्टे बांधून एनएसटी लावली. त्या मशीनमधून बाळाच्या ठोक्यांचा आवाज आला आणि सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ठोके होते, पण मधेच १६० वरून ९० वर घसरत होते आणि वर यायला वेळ घेत होते.

नवरा काउंटरवर ५०,००० रुपये डिपॉझिट भरत होता. इकडे पोर्टेबल सोनोग्राफी आली. त्याआधी फॉर्म एफ. गरोदर बाईची सोनोग्राफी म्हटली की गर्भलिंग निदानाच्या कायद्याप्रमाणे तो भरावाच लागतो, 'मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही' या ओळीखाली सही लागते. सलाइन लावलेल्या हाताने मी ती वाकडीतिकडी केली. आधार कार्ड जुन्या फाइलमध्येच होतं म्हणून बरं. तुमच्या फाइलच्या पहिल्याच कप्प्यात आधारची प्रत, रक्तगटाचा रिपोर्ट आणि शेवटची सोनोग्राफी ठेवा. आमची दहा मिनिटं तरी वाचली असतील.

सोनोग्राफी करणारे डॉक्टर म्हणाले, वारेमागे रक्त साठलेलं काही दिसत नाही. मला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात ऑन-कॉल डॉक्टर मॅडम आल्या, केस ओले, चपलांचा पचपच आवाज. त्यांनी पोटावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग म्हणाल्या, "सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणजे नाही, असं यात नसतं. ताजं रक्त वारेसारखंच दिसतं. बऱ्याचदा चुकतं ते. पोट सांगतंय, बीपी सांगतंय, बाळाचे ठोके सांगताहेत. वार सुटतेय."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लॅबला नमुने गेले होतेच, पण त्यांनी एका साध्या काचेच्या नळीत माझं थोडं रक्त वेगळं काढून घेतलं. ती नळी मुठीत ऊब देत धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. अधूनमधून नळी तिरकी करून बघायच्या. आजूबाजूला धावपळ चाललेली आणि त्या एकट्याच स्थिर. पुढे मी विचारलं तेव्हा कळलं. वारेमागे खूप रक्त साठलं की रक्त गोठवणारे घटक तिथेच संपत जातात आणि मग शरीरात कुठेही रक्त थांबेनासं होतं. लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. नळीतलं रक्त सात मिनिटांत गोठलं नाही तर ती धोक्याची खूण. माझं सहाव्या मिनिटाला गोठलं. मॅडमनी नळी सिस्टरच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चला, ओटी."

बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्याचा दुसरा डोस चोवीस तासांनी असतो, तो घ्यायला वेळच मिळाला नाही. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं, ते शिरेतून जाताना कानशिलापासून पायापर्यंत गरम लाट गेल्यासारखं वाटतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी तेव्हा किंचाळले नसते. मग संमतीपत्रं. सिझर, पूर्ण भूल, रक्त देणं, आणि शेवटी 'रक्तस्राव थांबला नाही तर गर्भपिशवी काढावी लागेल'. त्या कागदावर नवऱ्याचा हात थांबला. माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली.

चार वाजून दोन मिनिटांनी मुलगी झाली. १ किलो ६२० ग्रॅम. ती लगेच रडली नाही, थोडी मदत दिल्यावर रडली, हे मला दुपारी सांगितलं. मी तिला पहिल्यांदा बघितलं ते नवऱ्याच्या मोबाइलवर, नाकावर श्वासाला मदत करणाऱ्या सीपॅपची नळी आणि डोक्याला निळी टोपी.

दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या मॅडमना मी विचारलं, रक्त एवढंसंच गेलं होतं, मग एवढं सगळं कसं? त्यांनी माझ्या खोलीच्या खिडकीशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पावसाने ओल येऊन तिथला रंग फुगला होता. "हा पोपडा बघा. आत पाणी किती साठलंय ते बाहेरून कळतं का? खाली एखादाच थेंब गळतो. तुमची वार जवळजवळ एक तृतीयांश सुटली होती आणि मागे ४०० मिली रक्ताची गाठ होती. बाहेर आलं ते त्यातलं थोडंसं." काही जणींना तर बाहेर एक थेंबही दिसत नाही, सगळं आतच राहतं. वारेतूनच बाळाला प्राणवायू मिळतो, सुटलेला भाग ते काम करू शकत नाही. आणि सुटलेली वार पुन्हा चिकटवण्याचा कुठलाही उपाय नाही, ना औषध, ना इंजेक्शन. थोडीशीच सुटली असेल, दिवस कमी भरलेले असतील आणि आई-बाळ दोघंही स्थिर असतील तर भरती करून, लक्ष ठेवून वाट बघतात. नाही तर बाळंतपण करणं हाच मार्ग.

अजून एक गोंधळ मॅडमनी दूर केला. माझ्या चुलतबहिणीची वार खाली होती, तिलाही रक्त गेलं होतं, आणि सगळे मला 'तिच्यासारखंच झालं' म्हणत होते. ते वेगळं. वार खाली असते तेव्हा रक्त बहुतेक वेळा लालभडक असतं आणि दुखत नाही. वार सुटते तेव्हा बहुधा दुखतं, पोट किंवा कंबर, आणि रक्त गडद असतं. दोन्हीत घरी थांबायचं नाही, हे मात्र सारखंच.

माझं हिमोग्लोबिन १०.२ वरून ७.१ वर आलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं, बाटलीमागे साधारण दीड हजार रुपये. आमच्या गणपती मंडळातली चार मुलं सकाळी नऊला पावसात येऊन रक्तदान करून गेली. त्यातल्या दोघांची नावंही मला तोवर माहीत नव्हती. माझा गट ओ पॉझिटिव्ह. ज्यांचा निगेटिव्ह आहे त्यांनी असं काही झालं की स्वतःहून सांगायचं, कारण त्यांना अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं.

मी पाचव्या दिवशी घरी आले, हात रिकामे. लेक चोवीस दिवस एनआयसीयूत होती.

त्या पाचव्या रात्री सासूबाईंनी घरी पाचवी पुजली. पाट मांडला, पाटावर कोरी वही आणि पेन ठेवलं, दिवा रात्रभर तेवत ठेवला. मग माझ्याजवळ बसून हळूच म्हणाल्या, "बाळ तिकडे आहे. सटवाईला पत्ता कळेल ना गं?" मी त्यांचा हात धरला. त्या रात्री आम्ही दोघी दिव्यापाशीच बसलो. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला पुढे कधीतरी कळलं. ओवा देऊन झोपवलं म्हणून उशीर झाला, असं त्या स्वतःला लावून घेत होत्या. आणि मी लावून घेत होते ती सोमवारची सकाळ. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत दोन बादल्या उचलल्या होत्या.

एनआयसीयूचे दिवस थोडक्यात सांगते, कारण ज्या त्यातून गेल्या आहेत त्यांना ते माहीत आहेत. बांगड्या, अंगठी काढायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, घड्याळ लावून. पायाला पट्टी, त्यावर 'बेबी ऑफ' आणि माझं नाव. सीपॅप तीन दिवसांनी निघालं. कावीळ, दोन दिवस निळ्या दिव्याखाली. वजन घटून १ किलो ५०० वर आलं तेव्हा मी जेवण सोडलं. सिस्टर रागावल्या, म्हणाल्या, सुरुवातीला घटतंच, तुम्ही जेवला नाहीत तर दूध कुठून येणार? दूध पहिले दोन दिवस आलंच नाही. मग थेंब आले, अक्षरशः थेंब, सिरिंजने टिपून घेतले. दर दोन तासांनी १ मिली, नळीतून. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायची. तिथल्या मातांच्या खोलीतच मला कळलं की शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मिल्क बँक आहे, आशियातली पहिली. ज्यांना दूध जास्त येतं त्यांनी चौकशी करावी.

सातव्या दिवसापासून कांगारू केअर. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, माझ्या छातीशी उघडं धरून वरून पट्टा बांधायचा. पहिल्याच दिवशी मॉनिटरवरचे तिचे ठोके माझ्यासमोर शांत होत गेले. नवऱ्यालाही करू दिलं. घरी आल्यावरही आम्ही दोघांनी ते आळीपाळीने चालू ठेवलं.

१८ जुलैला अधिक महिना लागला. आई ठाण्याहून डबा घेऊन आली, त्यात तेहतीस अनारसे, जावयाचं वाण. एनआयसीयूबाहेरच्या बाकावर तिने ते त्याला दिलं आणि त्याने तिथेच वाकून नमस्कार केला. २६-२७ जुलैला रेड अलर्ट होता, मला दोन दिवस जाता आलं नाही. काढलेलं दूध बर्फाच्या डब्यात घालून नवरा गुडघाभर पाण्यातून पोहोचवत होता.

४ ऑगस्टला तिला घरी आणलं, १ किलो ९४०. आदल्या दिवशी डोळ्यांची आरओपी तपासणी झाली. लवकर जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासून घ्यावाच लागतो. ही तारीख चुकवू नका, बाळ कितीही टवटवीत दिसत असलं तरी. कानांची तपासणीही करून घ्या.

आता कागद आणि पैसे. माझं बिल १,८६,००० आणि बाळाचं ३,४२,०००. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बाळंतपणाची मर्यादा ७५,००० होती. बाळाचा खर्च वेगळ्या क्लेममध्ये बसतो हे आम्हाला टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या कंपनीच्या, काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, पण त्यासाठी बाळाचं नाव पॉलिसीत ताबडतोब घालावं लागतं. जन्मदाखला लगेच मिळत नाही, रुग्णालयाचं जन्माचं पत्र चाललं. कंपनीच्या एचआरला तिसऱ्या दिवशी मेल केला म्हणून निभावलं. दोन वेळा प्रश्न काढून क्लेम परत आला, शेवटी २,६१,००० मंजूर झाले. खिशातून गेले १,९२,०००. दर दोन दिवसांनी काउंटरवरून तेव्हापर्यंतचं बिल मागून घ्या, शेवटी एकदम आकडा ऐकण्यापेक्षा बरं. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी भरती होतानाच विचारावं की हे रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत आहे का. नवजात बाळांचे उपचार तिच्यात आहेत.

जन्मनोंदणी रुग्णालयच २१ दिवसांच्या आत पाठवतं. दाखला मात्र बाळ ज्या वॉर्डात जन्मलं तिथे मिळतो, आपण राहतो तिथे नाही. नवरा भांडुपच्या एस वॉर्डात अर्धा दिवस घालवून आला, आमचा दाखला मुलुंडच्या टी वॉर्डात होता. रुग्णालयात फॉर्मवर सही करताना आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी ताडून बघा. बाळाचं नाव तेव्हा ठरलं नसेल तर रिकामं सोडा, वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

रजेबद्दल, कारण हे फार थोड्या जणींना माहीत असतं. कायद्याने २६ आठवडे मिळतात. पण तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम १० प्रमाणे मुदतपूर्व बाळंतपणातून आजारपण उद्भवलं तर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा होती. आमच्या एचआरलाही ठाऊक नव्हतं. मी कलम लिहून, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून अर्ज केला. अकरा दिवसांनी मंजुरी आली.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सहा आठवड्यांनी, २२ ऑगस्टला, मी टाके आणि बीपी दाखवायला गेले तेव्हा एका कागदावर नऊ प्रश्न लिहून नेले होते. त्याआधी इनडोअर केसपेपरची प्रत मागितली होती. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत ती द्यावी असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. झेरॉक्सचे पैसे भरले, प्रत मिळाली. वारेचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचाही रिपोर्ट होता. मॅडमनी पाऊण तास दिला, एकेक पान उलगडून.

पहिलाच प्रश्न बादलीचा होता. तो विचारताना माझा आवाज फुटला.

"बादलीने वार सुटत नाही," मॅडम म्हणाल्या. "गाडीचा अपघात, पोटावर जोरात पडणं, मारहाण, त्याने सुटू शकते. तुमच्या बाबतीत कारण शोधायचंच तर बीपी आहे. वारेच्या रिपोर्टमध्येही रक्तवाहिन्यांचे तेच बदल आहेत. आणि कित्येकींमध्ये काहीच कारण सापडत नाही." बीपी वाढणं, आधीच्या खेपेला वार सुटलेली असणं, जुळं, वेळेआधी पाणी जाणं, धूम्रपान, ही त्यांनी सांगितलेली कारणं. तंबाखूबद्दल त्या खोदून विचारतात, कारण मशेरी लावणाऱ्या बायकांना ती तंबाखूच आहे असं वाटतच नाही. साधारण शंभर गरोदरपणांत एखाद्या वेळी वार सुटते असं त्या म्हणाल्या. मला ते एकाच वेळी थोडं आणि फार वाटलं.

पुढच्या खेपेचा प्रश्न नववा होता. पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, ते त्यांनी लपवलं नाही. पण अंतर ठेवून, बीपी आटोक्यात आणून, बाराव्या आठवड्याच्या सुमाराला कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करून आणि पहिल्या दिवसापासून मोठ्या रुग्णालयात नाव घालून पुढे जाता येतं. आम्ही अजून ठरवलेलं नाही.

घरी येऊन मी सासूबाईंना तो बादलीचा आणि ओव्याचा भाग जसाच्या तसा सांगितला. ओव्यानेही काही झालं नव्हतं. उशीर झाला तो माहिती नव्हती म्हणून. त्या खूप वेळ गप्प होत्या, मग लेकीला उचलून गच्चीत घेऊन गेल्या.

माझ्या भावाच्या बायकोला आता आठवा महिना आहे. तिच्या फ्रिजवर मी एक कागद लावून आले आहे. रुग्णालयाचा नंबर, रक्तगट, कुणाची गाडी, आणि खाली मावशीचे दोन प्रश्न. गेल्या महिन्यात रात्री अकराला तिचा फोन आला, पोट कडक लागतंय म्हणून. हात ठेवायला सांगितला. पाचेक मिनिटांनी मऊ पडत होतं, बाळही हलत होतं. तरी मी म्हटलं, फोनवरून मला कळत नाही, जाऊन दाखवून ये. ती संकोचली, उगाच सगळ्यांना त्रास, म्हणाली. मी भावाला फोन द्यायला सांगितलं.

ते गेले. मी लेकीला मांडीवर घेऊन बसून राहिले. साडेबाराला वहिनीचा मेसेज आला: एनएसटी झाली, ठोके १४४, बीपी ११८/७६, घरी निघालोय.